वेरूळच्या राणीची दुसरी नोकरी

सिद्धगडाच्या माचीवर मुक्कामाला राहिलं की रात्री झोप लवकर येत नाही. एक तर वारा, आणि दुसरं डोक्यावरून जाणारी विमानं. मुंबईत उतरायला निघालेलं विमान सह्याद्रीची धार ओलांडतं, त्याचा लाल दिवा लुकलुकत खाली कल्याणच्या बाजूला जातो आणि आवाज मागून येतो. दोन जानेवारीला गडाच्या पायथ्याशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या स्मारकाला माणसं जमतात. १९४३ साली त्याच दिवशी हे दोघं इथं इंग्रज पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. अशाच एका दोन जानेवारीच्या आदल्या रात्री वाडीतल्या एका पोरानं मला विचारलं, "चाचा, ही विमानं म्हातारी झाली की त्यांचं काय करतात हो?"

मी म्हटलं, "भंगारात जात असतील." त्याला ते पटलं नाही. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात एसटी महामंडळानं जुन्या गाड्यांच्या खिडक्या बंद करून त्यांचे मालट्रक केले होते, ते त्यानं मुरबाडला पाहिलेलं. तो म्हणाला, "मग जुन्या विमानाचा मिलिटरीचा ट्रक करत असतील."

मी मराठीत कविता करणारा माणूस. बीएला इतिहास होता, विमानशास्त्र नव्हतं. पण पोराचा तर्क खरा आहे, आणि या तर्काचा आपल्याकडचा इतिहास मुंबई, पुणे आणि गोवा या तीन गावांच्या मध्येच घडलेला आहे. तो मोठा मजेदार आहे आणि काही ठिकाणी अंगावर काटा आणणाराही.

आमच्या तालुक्यातली म्हातारी माणसं 'तीन शेपटांचं विमान' असं काही तरी सांगायची. लहानपणी मला ती गोष्ट शेख चिल्लीच्या गोष्टींपैकी वाटायची. पुढं छायाचित्र पाहिलं तेव्हा कळलं की अशा विमानाला खरंच तीन शेपटं होती. अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन. चार पंख्यांचं, माशासारखं पाठीत वाकलेलं, मागं तीन उभे पंख. जाणकार लोक आजही त्याला सर्वांत देखणं प्रवासी विमान म्हणतात. कवी म्हणून माझंही मत त्यांच्या पारड्यात.

एअर इंडियानं ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला पहिलं विमान पाठवलं, ते याच घराण्यातलं थोरलं भावंड, साधं कॉन्स्टेलेशन. त्याचं नाव 'मलबार प्रिन्सेस'. त्या मालिकेत सगळ्या राजकन्या होत्या, त्यांत एक 'मराठा प्रिन्सेस'सुद्धा. 'काश्मीर प्रिन्सेस'चं नाव वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. ११ एप्रिल १९५५ रोजी बांडुंग परिषदेला निघालेल्या चिनी मंडळींना घेऊन ते हाँगकाँगहून उडालं आणि चाकांच्या कप्प्यात लपवलेल्या बॉम्बनं समुद्रावर पेटलं. कॅप्टन दा. का. जटार यांनी जळतं विमान पाण्यावर टेकवलं. १९ जणांपैकी तिघं वाचले, त्यांत देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. प्रवासी विमान आणि युद्ध यांच्यामधली भिंत किती पातळ असते, ते त्या दिवशी कळलं.

राजकन्यांच्या नंतर १९५४ पासून राण्या आल्या. सुपर कॉन्स्टेलेशनला एअर इंडियानं राण्यांची नावं दिली. 'रानी ऑफ झांसी', 'रानी ऑफ अजंठा', 'रानी ऑफ एलोरा'. एलोरा म्हणजे आपलं वेरूळ. या वेरूळच्या राणीवर डोळा ठेवा, तिचीच ही गोष्ट आहे.

राण्यांचं राज्य फार टिकलं नाही. १९६० मध्ये मुंबईत बोइंग ७०७ उतरलं आणि पंख्यांची विमानं एका रात्रीत आजी झाली. जेट विमान निम्म्या वेळात पोचत होतं, शिवाय हादरे कमी. १९६२ मध्ये एअर इंडिया ही जगातली पहिली अशी कंपनी ठरली जिच्याकडे जेटखेरीज दुसरं विमानच नव्हतं. वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण मग राण्यांचं काय झालं? नऊ सुपर कॉन्स्टेलेशन भारतीय हवाई दलाकडे आली, १९६१-६२ या काळात. वयानं ती सहा-सात वर्षांची. म्हणजे म्हातारी नव्हेत, फॅशनमधून गेलेली. अंगावरची राणीची नावं पुसली, शेपटावर दलाचे क्रमांक आले आणि सहाव्या स्क्वाड्रनमध्ये त्यांची भरती झाली. त्यांचं नवं घर होतं पुण्याचं लोहगाव.

हवाई दलाची तेव्हाची ओढाताण समजून घेतली पाहिजे. याच सहाव्या स्क्वाड्रनकडे लिबरेटर विमानं होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला मोडून टाकलेली ती बॉम्बफेकी विमानं. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतली कित्येक पुन्हा उडती केली आणि ती १९६८ पर्यंत चालवली. अशा घरात जेमतेम सात वर्षं वापरलेली राणी येते म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? तेव्हा हे विमान मुख्यतः माणसं नेण्यासाठी घेतलं. जवान, अधिकारी, सामान. खुर्च्या होत्या, हवेचा दाब राखणारी केबिन होती, पल्ला हजारो किलोमीटरचा होता.

इथं मला म्हसा आठवतं. आमच्या मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते, पौषात. बैलांचा बाजार मोठा. तिथं वयस्कर बैल विकत घेणारा माणूस किंमत शेवटी विचारतो. आधी दात पाहतो, खूर पाहतो, मग मालकाला विचारतो, "कशाला जुंपत होता?" गाडीचा बैल नांगराला लगेच चालत नाही. सवय वेगळी, मानेवरचा भार वेगळा. विमानांच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला माणसं विसरतात. जागा किती, पल्ला किती, किंमत किती, एवढंच पाहतात.

प्रवासी विमान कशाला जुंपलेलं असतं? खुर्चीवर बसणाऱ्या, हातात छोटी पिशवी असणाऱ्या माणसाला एका पक्क्या धावपट्टीवरून दुसऱ्या पक्क्या धावपट्टीवर न्यायला. त्याचं दार जमिनीपासून दोन-तीन पुरुष उंच, कारण पंखांखाली इंजिनं लटकलेली किंवा पंखे फिरणारे. जिथं शिडीची गाडी नाही तिथं उतरायची पंचाईत. दार एका माणसाच्या मापाचं. जमीन पाहुण्याच्या वजनाची, रणगाड्याच्या साखळीची नव्हे. लष्करी मालवाहू विमान उलट्या बाजूनं विचार करून बांधतात. पंख वर, पोट जमिनीला टेकलेलं, मागचा भाग कोठीच्या दारासारखा उघडणारा, चाकं जाड आणि अनेक, म्हणजे खडीवरही उतरता यावं.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये हा फरक लडाखमध्ये दिसला. चुशूलला चिनी फौजांसमोर रणगाडे हवे होते आणि तिथवर रणगाडा जाईल असा रस्ता नव्हता. हवाई दलानं सोव्हिएत बनावटीच्या एएन-१२ विमानांच्या पोटात एएमएक्स-१३ जातीचे हलके रणगाडे घातले आणि चुशूलच्या उंच धावपट्टीवर उतरवले. वेरूळच्या राणीला हे सात जन्मात जमलं नसतं. तिच्या दारातून रणगाड्याचं एक चाकही आत गेलं नसतं.

शहापूरकडचे एक निवृत्त हवालदार माझ्या ओळखीचे आहेत. ऐन उमेदीत ते याच एएन-१२ मधून चंदीगडहून लेहला गेले. त्यांचं वर्णन ऐकण्यासारखं आहे. खुर्ची नाही, बाजूला कापडी पट्ट्यांची बाकडी, मध्ये दोरांनी जखडलेला माल, थंडी अशी की दात वाजतात, कानात मोटार चाललेली. "पण काय सांगू," ते म्हणाले, "उतरलो तेव्हा आमचं सगळं आमच्याबरोबर उतरलं. स्टोव्ह, तंबू, गोळ्या, बटाटे." पुढं एकदा रजेवरून परतताना त्यांना साध्या प्रवासी विमानात जागा मिळाली. मऊ खुर्ची, चहा, खिडकी. उतरले ते ट्रंकेशिवाय. ट्रंक चार दिवसांनी आली. रजेहून येणाऱ्या माणसाला चार दिवस ट्रंकेवाचून काढता येतात, लढायला निघालेल्याला येत नाहीत.

तसं पाहिलं तर या देशातली फौज पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर विमानानं गेली ती प्रवासी विमानांचीच मदत घेऊन. २७ ऑक्टोबर १९४७ ची पहाट. पहिली शीख पलटण दिल्लीहून श्रीनगरला निघाली. लेफ्टनंट कर्नल रणजित राय त्यांचे प्रमुख, जे त्याच दिवशी कामी आले आणि महावीर चक्राचे मानकरी ठरले. वाहून नेणारी विमानं होती डाकोटा, काही हवाई दलाची आणि बरीच खासगी कंपन्यांची. त्या विमानांचा फेरा पाहा. डाकोटाचा जन्म अमेरिकेत प्रवासी विमान म्हणून झाला. महायुद्धात ते हजारोंनी फौजेसाठी बनलं. युद्ध संपल्यावर उरलेली स्वस्तात विकली गेली, आपल्याकडच्या नव्या कंपन्यांनी ती घेऊन खुर्च्या बसवल्या आणि मुंबई-दिल्ली-कलकत्ता चालू केलं. आणि वर्ष-दीड वर्षात पुन्हा त्यांत रायफली. डाकोटाला ते जमलं, कारण त्याची हाडं फौजेत घडलेली होती. लहान होतं, दार रुंद, गवताच्या धावपट्टीवरही उतरायचं. राणीची तशी तालीम नव्हती.

आता एक असं उदाहरण सांगतो ज्याची चर्चा आपल्याकडे युद्धाच्या विजयाखाली दबून गेली. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' हे विमान पळवून लाहोरला नेलं आणि तिथं जाळलं. त्यानंतर फेब्रुवारीत भारतानं पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. पश्चिम आणि पूर्व पाकिस्तान यांच्यामध्ये आपण. सरळ वाट बंद झाली. मग पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सची बोइंग ७०७ विमानं कराचीहून कोलंबोला आणि तिथून ढाक्याला जाऊ लागली. अंतर जवळजवळ दुप्पट. आत बसलेली माणसं साध्या कपड्यांत होती, पण प्रवासी नव्हती. विमानात जेवणाची ट्रे ठेवायची तीच जागा, वर सामानाचे तेच कप्पे, आणि २५ मार्चच्या रात्रीनंतर या माणसांनी ढाक्यात काय केलं ते जगाला ठाऊक आहे. मार्चनंतर दोन अख्ख्या डिव्हिजन, नववी आणि सोळावी, विमानानं पूर्वेला नेल्या. माणसं पोचली. त्यांचा तोफखाना, जड वाहनं, रणगाडे मागं पश्चिमेतच राहिले. डिसेंबरात भारतीय सैन्य आत शिरलं तेव्हा समोरच्या फौजेकडे अवजड हत्यारांची वानवा होती, त्याचं एक कारण बोइंगच्या दाराची रुंदी होती, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. मला मात्र या प्रसंगात त्या विमानांतल्या कर्मचाऱ्यांचं कुतूहल वाटतं. रोज सकाळी गणवेश घालून दारात उभं राहायचं, आदाब करायचा, आणि आत कोण चाललंय ते कळत असताना पाणी विचारायचं. त्यांच्यापैकी कित्येक जण बंगाली होते.

जगभरात जुन्या मोठ्या जेट विमानांना फौजेत घ्यायची लाट त्यानंतर आली. सगळ्यात शाही खरेदी इराणच्या शहाची. १९७३ नंतर तेल महागलं, अमेरिकन कंपन्यांना आपली चारशे माणसांची बोइंग ७४७ परवडेनात. तेलाच्या त्याच भाववाढीनं शहाच्या खिशात पैसा आलेला. त्यानं कंपन्यांकडून ही वापरलेली ७४७ घेतली आणि बोइंगकडून त्यांच्या बरगडीत मोठं मालाचं दार कापून घेतलं. ऐकायला सोपं, पण विमानाच्या कुशीला भोक पाडणं म्हणजे घराची भार पेलणारी भिंत पाडण्यासारखं. आतली सगळी चौकट नव्यानं बळकट करावी लागते, जमीन मजबूत करावी लागते. एवढं केल्यावरही दार जमिनीपासून इतक्या उंचीवर की माल चढवायला उचलणारं यंत्र गावोगाव न्यावं लागतं.

जर्मनीची गोष्ट वेगळ्या चवीची. १९९० मध्ये पूर्व जर्मनी नावाचा देशच संपला. त्याच्या इंटरफ्लुग या सरकारी विमान कंपनीकडे तीन नवी कोरी एअरबस ए३१० होती. ती एकत्रित जर्मनीच्या हवाई दलाकडे गेली. देश जातो, विमान नोकरीत राहतं.

इंग्रजांनी १९८२ च्या फॉकलंड युद्धात शिकून घेतलं. आठ हजार मैलांवर फौज न्यायची तर त्यांच्याकडे लांब पल्ल्याची विमानं कमी पडली. माणसं न्यायला 'कॅनबेरा' आणि 'क्वीन एलिझाबेथ २' ही चैनीची प्रवासी जहाजं जुंपावी लागली. युद्ध संपताच, १९८३ च्या सुरुवातीला, त्यांनी ब्रिटिश एअरवेजकडून सहा ट्रायस्टार जेट घेतली, नंतर पॅन अ‍ॅमकडून तीन. ट्रायस्टार म्हणजेसुद्धा लॉकहीडचंच, आपल्या राणीची धाकटी पाती. त्यांतल्या बऱ्याच विमानांना हवेत दुसऱ्या विमानाला इंधन पाजायची सोय केली. ती २०१४ च्या मार्चपर्यंत चालली, इराक आणि अफगाणिस्तानात जवानांची ने-आण करत. एकतीस वर्षं म्हणजे वाईट सौदा नव्हे. पण शेवटच्या काळात ती इतकी बिघडायची की अफगाणिस्तानातून दोन आठवड्यांच्या रजेवर निघालेल्या जवानाचे दोन-दोन दिवस विमानतळावरच्या बाकड्यावर जायचे. वर्तमानपत्रात त्यावर ओरड व्हायची. हिशेबाच्या वहीत अशा दोन दिवसांचा रकाना नसतो.

आणि गँडर. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचं छोटं गाव. १२ डिसेंबर १९८५ च्या पहाटे तिथून एक डीसी-८ उडालं. अमेरिकन लष्करानं भाड्यानं घेतलेलं जुनं प्रवासी जेट. आत १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे २४८ जवान, इजिप्तच्या सिनाईतून शांतिसेनेची नोकरी संपवून नाताळला घरी चाललेले. विमान उठलं आणि धावपट्टीच्या पुढच्या उतारावर कोसळलं. आठ कर्मचाऱ्यांसह २५६ माणसं गेली, एकही वाचला नाही. चौकशी मंडळात मतभेद झाले. बहुमतानं पंखांवर साचलेल्या बर्फाचं कारण दिलं, काही सदस्यांना ते मान्य झालं नाही. पण अहवालातली एक बाब मला विसरता येत नाही. विमानाचं वजन काढताना जवानांचं वजन कमी धरलं गेलं होतं. सगळा मिळून फरक पाच टनांच्या घरात. म्हणजे कुणीतरी जवानाला साधा प्रवासी धरून बेरीज केली. बूट, बंदूक, पाठीवरची पडशी, सहा महिन्यांत तयार झालेलं शरीर, घरच्यांसाठी घेतलेल्या वस्तू, हे सगळं त्या बेरजेच्या बाहेर राहिलं. एकट्या त्या चुकीनं विमान पडलं असं मंडळानं म्हटलेलं नाही. तरी जुनं प्रवासी विमान फौजेला लावण्यातला धोका मला या एका बेरजेत दिसतो. खुर्ची तीच राहते, म्हणून त्यात बसलेला माणूसही तोच आहे असं समजलं जातं.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामाच्या रस्त्यावर केंद्रीय राखीव दलाच्या ताफ्यावर हल्ला झाला, ४० जवान गेले. त्यांतले दोघं आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. ७८ गाड्या, अडीच हजारांवर माणसं, जम्मूहून श्रीनगरला रस्त्यानं निघालेली. त्यांतले पुष्कळ जण रजेवरून नोकरीवर परतत होते. सात दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, गृह मंत्रालयानं आदेश काढला की निमलष्करी दलांच्या शिपाई, हवालदार आणि सहायक उपनिरीक्षक यांनाही दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर या मार्गांवर विमानानं जाता येईल. ७ लाख ८० हजार माणसांना लागू असलेला आदेश. त्याआधी हा हक्क वरच्या हुद्द्यांना होता. इथं रणगाडा न्यायचा नव्हता, तोफ न्यायची नव्हती. एक माणूस सुखरूप पोचवायचा होता, आणि तेवढ्यासाठी प्रवासी विमानासारखं दुसरं साधन नाही. जी सोय आदल्या आठवड्यात महाग वाटत होती ती पुढच्या आठवड्यात मंजूर झाली, यावर मी अधिक बोलत नाही.

हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं एप्रिल २०२२ मध्ये इस्रायलच्या विमान कंपनीशी करार केला, तो वापरलेली प्रवासी विमानं घेऊन त्यांची इंधन पाजणारी आणि माणसं-माल नेणारी लष्करी विमानं करण्याचा. २०२१ मध्ये सरकारनं एअर इंडियाकडची एअरबस ए३२१ घेऊन त्यांवर टेहळणीचं रडार बसवायची योजना मान्य केली. या दुसऱ्या योजनेत मला म्हशाच्या बाजारातलं शहाणपण दिसतं. आकाशात उंच, तासन्‌तास, एका चालीनं घिरट्या घालणं ही प्रवासी विमानाची मूळ सवय. जुंपणी बदलली तरी चाल तीच.

सगळीच विमानं फौजेत जात नाहीत. एअर इंडियाचं शेवटचं बोइंग ७४७ २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेला निघून गेलं. धावपट्टी सोडल्यावर वैमानिकानं पंख डावी-उजवीकडे हलवून निरोप घेतला. त्याचं गिऱ्हाईक जुन्या विमानांचे सुटे भाग काढून विकणारी कंपनी.

तर आपली राणी. जवान नेण्याचं काम तिनं केलं, पण मन त्यात रमलं नसावं, असं मी कवीच्या अधिकारात म्हणतो. तिची इंजिनं नाजूक प्रकृतीची. जाणकार तिला थट्टेनं 'जगातलं सर्वोत्तम तीन इंजिनांचं विमान' म्हणायचे, कारण चारांतलं एक वाटेत केव्हा बंद पडेल याचा नेम नसायचा. पण न थांबता दिवस दिवस समुद्रावर उडायची तिची ताकद दांडगी होती. लोहगावच्या सहाव्या स्क्वाड्रननं हे ओळखलं. हळूहळू राण्या अरबी समुद्रावर गस्त घालू लागल्या. खिडकीशी बसून पूर्वी लंडनला चाललेला प्रवासी जिथून ढग पाहायचा तिथून आता निरीक्षक दुर्बिणीनं जहाजं आणि पाणबुड्या शोधू लागला. १९७१ च्या युद्धात हे काम त्यांनी केलं. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं 'आयएनएस खुकरी' बुडवली, तेव्हा आपल्याला आकाशातून समुद्र पाहणारे डोळे किती कमी आहेत ते सगळ्यांना कळलं.

१९७६ मध्ये समुद्रावर पाळत ठेवण्याचं काम हवाई दलाकडून नौदलाकडे गेलं आणि पाच सुपर कॉन्स्टेलेशन लोहगाव सोडून गोव्याला आली. नोव्हेंबरात दाभोळीला त्यांची स्क्वाड्रन उभी राहिली, क्रमांक ३१२. या दाभोळीचा आणि या विमानाचा जुना ऋणानुबंध आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या लढाईत आपल्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तिथं तेव्हा पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं उभी होती, त्यांतलं एक सुपर कॉन्स्टेलेशन. धावपट्टीला खड्डे पडलेले. पोर्तुगीजांनी दिवसभरात जमेल तेवढी डागडुजी केली, रात्री त्यांत आपली माणसं आणि बायकामुलं भरली आणि अंधारात, उरलेल्या तुटपुंज्या लांबीवरून, दोन्ही विमानं कराचीकडे पळाली. पंधरा वर्षांनी त्याच धावपट्टीवर तीच तीन शेपटं पुन्हा उतरली, या वेळी आपल्या नौदलाची.

सात वर्षं त्या तिथं राहिल्या. सुटे भाग मिळेनासे झाले, तिच्या इंजिनांचे कारखाने कधीच बंद पडलेले. १९८३ च्या सुमारास राण्या जमिनीवर आल्या. पुढं ३१२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला रशियाची टुपोलेव्ह मिळाली. बाकीच्या राण्या भंगारात गेल्या. एक राहिली. दाभोळी विमानतळाच्या मागं, बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. आवारात उघड्यावर ती उभी आहे, खाऱ्या वाऱ्यात. अंगावर आयएन ३१५ हा नौदलाचा क्रमांक. तीच ती 'रानी ऑफ एलोरा'. शाळेच्या सहलीची मुलं तिच्या पोटाखाली सावलीत डबे उघडून बसतात, आणि धावपट्टी जवळच असल्यामुळं दर थोड्या वेळानं एखादं प्रवासी जेट तिच्या डोक्यावरून खाली येतं.